वाळवी घराला, विष माणसाला

वळवाचे दोन-तीन पाऊस पडून गेले की सातारा-सांगलीकडच्या घरांत संध्याकाळी दिवा लावणे नकोसे होते. ट्यूबभोवती पंखांचे किडे गर्दी करतात आणि सकाळी ओटीवर, खिडकीच्या चौकटीत पातळ पंखांचा सडा पडलेला असतो. तो झाडून टाकला की विषय तिथेच संपतो. पुढे दिवाळीच्या साफसफाईत कपाट पुढे ओढले जाते, मागच्या भिंतीवर मातीची रेघ दिसते, खालच्या फळीत बोट सहज आत जाते आणि लग्नातले अल्बम, शेताचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे यांचा चुरा हाती येतो. मग धावपळ सुरू होते. या धावपळीत शेतकऱ्याच्या घरात पहिला हात जातो तो उसासाठी आणून ठेवलेल्या औषधाच्या बाटलीकडे.

वाळवी माणसाला चावून इजा करत नाही, अन्न नासवत नाही, तिच्यामुळे कोणताही साथीचा रोग पसरत नाही. वाळवीमुळे माणूस दवाखान्यात येतो तो दोन कारणांनी: पोखरलेला जिना, कठडा किंवा तुळई मोडून, नाहीतर तिच्यावर मारलेल्या औषधाची बाधा होऊन. यातले दुसरे कारण पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. म्हणूनच सुतार आणि गवंड्याचा वाटणारा हा विषय आरोग्याच्या पानावर घ्यायला हवा.

वाळवी नेमकी काय करते?

वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याची पद्धत आहे, पण मुंगीशी तिचे नाते नाही. ती झुरळाच्या कुळातली आहे. जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती आहेत आणि त्यातल्या थोड्याच घराला उपद्रव देतात. उरलेल्या रानात पडलेला पालापाचोळा, वाळके लाकूड, शेण खाऊन त्याची माती करतात. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपल्याकडे वारुळाचे नाव नागाशी जोडले गेले आहे आणि बोलताना आपण ते मुंग्यांचे म्हणतो. मोठी मातीची वारुळे मात्र बहुधा वाळवीनेच बांधलेली असतात. नाग त्यात आयता येऊन राहतो. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी लोक चवीने खातात, तीही वाळवीने आत जोपासलेल्या बुरशीचीच असते. रानातली वाळवी मारण्याचे काहीच कारण नाही.

घरात शिरणारी वाळवी मुख्यतः जमिनीखाली राहणारी असते. तिची वसाहत जमिनीत, अनेकदा घरापासून काही मीटर अंतरावर असते. राणी तिथे असते आणि दिवसाला हजारो अंडी घालू शकते. आपल्याला दिसतात ते कामकरी. ते आंधळे, मऊ अंगाचे असतात आणि उघड्या कोरड्या हवेत फार काळ जगत नाहीत. म्हणून ते जमिनीपासून लाकडापर्यंत माती, लाळ आणि विष्ठा कालवून पेन्सिलएवढ्या जाडीचा बोगदा बांधतात. त्या बोगद्यातला ओलावा हा त्यांचा जीव आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे उपाय समजतात: वाळवीला माती, ओल आणि लाकूड किंवा कागद या तीन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या हव्या असतात. यातली एक साखळी तोडली तरी तिचे काम अवघड होते.

भिंतीवरच्या बोगद्यावर रॉकेल किंवा फवारा मारला की चारदोनशे कामकरी मरतात आणि आपल्याला समाधान वाटते. वसाहतीला त्याचा पत्ताही लागत नाही. आठ-पंधरा दिवसांनी दुसऱ्या कोपऱ्यातून नवी रेघ वर येते. मग आणखी औषध, आणखी दाट. घरातल्या हवेत विष वाढत जाते आणि जमिनीतली राणी आहे तिथेच राहते.

वेळेत ओळखायचे कसे?

वर्षातून दोनदा, वळवानंतर आणि दिवाळीच्या आधी, टॉर्च आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरभर अर्धा तास फिरले तरी बहुतेक घरांत वाळवी सुरुवातीलाच सापडेल. दाराच्या चौकटीचा जमिनीला टेकलेला भाग, न्हाणीघराच्या दाराची चौकट, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचे कपाट, देवघराची मागची बाजू, जिन्याखालची अडगळ, भिंतीला चिकटून ठेवलेली पुस्तके आणि माळ्यावरची खोकी या जागा आधी पाहाव्यात. स्विचबोर्डामागे आणि वायरींच्या पाइपमधूनही ती वर चढते. लाकडावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा पोकळ. रंग फुगल्यासारखा किंवा कागदासारखा सुरकुतलेला दिसला तर आत फक्त रंगाचा पापुद्रा उरला आहे असे समजावे.

पंखांचा सडा पाहतानाही थोडा विचार करावा. अंगणातल्या दिव्याखाली पंख पडले तर ते किडे बाहेरून उजेडाकडे आलेले असू शकतात. बंद खोलीत, फरशीच्या फटीजवळ किंवा चौकटीच्या तळाशी पंख सापडले तर वसाहत घराखालीच असण्याची शक्यता मोठी. पंखांच्या मुंग्याही याच दिवसांत उडतात. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीचे अंग सरळ, कंबर नसलेले आणि चारही पंख सारख्या लांबीचे.

लाकडाखाली पडलेला भुसाही बोलका असतो. माती दिसली तर ती जमिनीतली वाळवी. खसखशीसारखे कोरडे दाणे दिसले तर ती कोरड्या लाकडातच राहणारी वाळवी; तिला जमिनीशी संबंध ठेवावा लागत नाही. टाल्कम पावडरसारखे पीठ आणि टाचणीने पाडल्यासारखी गोल भोके दिसली तर तो लाकडातला भुंगा. तिघांचे उपाय वेगळे आहेत. लाकडातल्या भुंग्यासाठी अख्ख्या घराच्या जमिनीत औषध घालणे म्हणजे खोकल्यासाठी पायाला प्लास्टर घालण्यासारखे आहे.

बोगदा सापडला तर लगेच सगळा पुसून टाकू नये. बोटभर भाग मोडावा आणि दोन दिवसांनी पाहावे. तो पुन्हा लिंपलेला दिसला तर वाळवी आत वावरते आहे. लिंपला नाही म्हणून ती गेली असे मात्र समजू नये, तिने दुसरी वाट धरलेली असू शकते.

जुन्या घरांचे शहाणपण

वाई, मेणवली, सातारा, मिरज या भागांतले जुने वाडे पाहिले तर लाकडी खांब कधी थेट जमिनीत रोवलेला दिसत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. घराचे जोते दगडी आणि उंच असते. तळखडा घराची शोभा वाढवतो, पण त्याचे खरे काम लाकूड मातीच्या ओलीपासून दूर ठेवण्याचे आहे. वाळवीला वर चढायचेच असेल तर दगडावरून उघड्यावर बोगदा बांधावा लागतो आणि तो रोज झाडणाऱ्याच्या नजरेस पडतो.

आजच्या घरांत नेमके हेच हरवले आहे. चौकट फरशी घालण्याआधीच उभी करतात, तिचे पाय सिमेंटखाली मातीत जातात. प्लायवूडची कपाटे भिंतीत कायमची बसवलेली असतात, मागे काय चालले आहे ते वर्षानुवर्षे दिसत नाही. अंगणात कुंड्या आणि फुलझाडांचा वाफा भिंतीला चिकटून असतो, रोज पाणी घातले जाते. न्हाणीघराचा नळ झिरपतो. बांधकामाच्या वेळी सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात तसेच पुरले जातात आणि वाळवीला घराखाली पहिले जेवण आयते मिळते. पुढे ती वर येते त्यात आश्चर्य कसले?

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या माळवदी घरांचा प्रश्न आणखी गंभीर आहे. तिथे पाऊस कमी म्हणून वाळवी कमी, असा हिशेब नसतो. कोरड्या मुलखात खाण्यासारखे जे असते ते कडब्याची गंजी, कुंपणाचे खुंट आणि घराचे लाकूड. माळवदाच्या मातीचे ओझे तुळयांवर असते आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुणालाच दिसत नाही. एखाद्या मोठ्या पावसात माती भिजून जड झाली की आतून पोकळ झालेली तुळई ते ओझे पेलत नाही. पावसाळ्यात माळवद किंवा भिंत कोसळून माणसे गेल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या काही घरांत पावसाने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो. कोयना परिसरात तर १९६७च्या भूकंपानंतरही लहान धक्के अधूनमधून जाणवतात. अशा भागात घराच्या लाकडांची तपासणी ही जिवाची काळजी आहे.

पूर ओसरल्यावर

कृष्णाकाठच्या गावांना आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरांत पाणी आले. पूर ओसरला, गाळ काढला, पंचनामे झाले. पण भिंतींनी आणि लाकडाने प्यायलेले पाणी महिनोन्महिने आत राहते. भिजलेली कपाटे वरवर पुसून त्याच भिंतीला पुन्हा लावली, ओल्या भिंतीवर घाईने रंग काढला, की वाळवी आणि बुरशी दोघींनाही हवी तशी जागा मिळते. बुरशीचा त्रास वाळवीपेक्षाही आधी जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यात ओलसर घरात राहणाऱ्यांना दम्याचा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींचा धोका वाढतो हे स्पष्ट म्हटले आहे. घरात वाळवी वारंवार येत असेल आणि मुलाचा खोकलाही थांबत नसेल, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी ओल कुठून येते ते शोधावे. एकाच दुरुस्तीने दोन्ही त्रास कमी होऊ शकतात.

उसाचे औषध घरात

आता मुख्य मुद्दा. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात हुमणी आणि वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस सर्रास वापरले जाते. उसाच्या कांड्या त्यात बुडवल्या जातात. बाटली अर्धी उरते, ती गोठ्यात, माळ्यावर किंवा न्हाणीघराच्या फळीवर राहते. घरात वाळवी दिसली की तीच बाटली खाली येते. मोजमाप झाकणाने, पंप फवारणीचाच, कधी नुसती झाडणी किंवा जुने फडके. खाटेच्या पायांना, कपाटाच्या आत, देवघरात, अगदी धान्याच्या कोठीमागेसुद्धा औषध मारले जाते आणि रात्री सगळे त्याच खोलीत दारे लावून झोपतात.

इमारतीतील वाळवीसाठीही क्लोरपायरीफॉस वापरले जाते, हे खरे. पण ते फरशीखालच्या मातीत, मोजून, प्रशिक्षित माणसाने घालण्यासाठी. खोलीच्या हवेत उडवण्यासाठी किंवा अंथरुणाशेजारी चोपडण्यासाठी ते नाही. हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले विष आहे. आपल्या मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोहोचला की तो निरोप पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. हे विष त्या विकरालाच बांधून टाकते. मग निरोप पुसला जात नाही, ग्रंथी स्रवत राहतात आणि स्नायू थरथरत राहून शेवटी थकतात. घाम, तोंडाला लाळ, मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब, अंधूक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, छाती भरून येणे ही लक्षणे त्यातून येतात. श्वासाचे स्नायू थकले की जीव धोक्यात येतो. हे विष श्वासातून, तोंडातून आणि कातडीतूनही शरीरात जाते. लहान मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते, त्यामुळे त्याच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा जास्त विष येते.

थोड्या प्रमाणातल्या, पण वारंवार होणाऱ्या संपर्काची चिंता वेगळी आहे. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तात क्लोरपायरीफॉस जास्त असलेल्या मुलांची स्मरणशक्ती आणि बुद्ध्यंक सातव्या वर्षी तुलनेने कमी आढळला. त्या घरांत हे औषध शेतातून आलेले नव्हते, झुरळांसारख्या घरगुती किड्यांसाठी मारलेले होते. अमेरिकेने २००० साली या औषधाचा जवळजवळ सगळा घरगुती वापर थांबवण्याचा निर्णय घेतला. मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनी, काही सवलती ठेवून, त्याला जगातून हटवायच्या रसायनांच्या यादीत टाकले. आपल्या माळ्यावर मात्र ते लोणच्याच्या बरणीशेजारी बसले आहे.

वाळवीच्या औषधांचा इतिहास सावध व्हावे असाच आहे. ऑल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही एकेकाळी वाळवीवरची खात्रीची औषधे मानली जात. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात, हाच त्यांचा गुण सांगितला जाई. पुढे लक्षात आले की ती माणसाच्या चरबीत आणि आईच्या दुधातही टिकतात. २००१ साली झालेल्या स्टॉकहोम करारातील पहिल्या बारा रसायनांत ही तिन्ही होती. भारतातही त्यांच्यावर बंदी आली. आज सुरक्षित म्हणून विकले जाणारे औषध उद्याही सुरक्षितच मानले जाईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून औषध हा पहिला उपाय ठरू नये.

बाटली घरात ठेवण्याचा धोका वाळवीपुरता संपत नाही. उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवायचे आणि ते मुलाने प्यायचे, ही गोष्ट ग्रामीण भागातल्या कोणत्याही रुग्णालयाला नवी नाही. त्याहून कठीण विषय म्हणजे रागाच्या किंवा निराशेच्या भरात हाताशी असलेली बाटली. असे क्षण अनेकदा काही मिनिटांचेच असतात. त्या मिनिटांत विष हाताशी नसेल तर पुष्कळ माणसे वाचतात. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. कायद्याची वाट न पाहता प्रत्येक घराला यातून एक धडा घेता येतो: शेतीचे औषध राहत्या घराबाहेर, कुलपात, मूळ बाटलीतच ठेवावे आणि लागेल तेवढेच आणावे. कुणी खचलेले दिसले तर बोलावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

लाकडातल्या भुंग्यासाठी किंवा ढेकणांसाठी धान्याची सेल्फॉसची गोळी खोलीत ठेवणारेही आहेत. त्या गोळीतून ओलाव्याच्या संपर्काने फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. बंद खोलीत, शेजारच्या खोलीतसुद्धा, तो झोपेत जीव घेऊ शकतो. ही गोळी राहत्या घरात कधीही वापरू नये.

मग करायचे काय?

पहिले काम ओल काढण्याचे. गळणारा नळ, छपराची पन्हळ, न्हाणीघराच्या फरशीच्या फटी दुरुस्त कराव्यात. भिंतीला लागून असलेला वाफा दोन फूट दूर न्यावा. घराभोवती सिमेंटची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन घालावी. जळणाचे लाकूड आणि कडबा भिंतीला टेकवून रचू नये. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे आणि विटेवर किंवा धातूच्या पायांवर ठेवावे. कागदपत्रे पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी लोखंडी पेटीत ठेवावीत आणि पुस्तके वर्षातून एकदा बाहेर काढून, झटकून, उन्हात ठेवावीत. या सगळ्याला फार पैसे लागत नाहीत, एक रविवार लागतो.

नवे घर बांधणाऱ्यांनी पायाच्या वेळीच विचार करावा. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६३१३ हे मानक याच विषयावर आहे. त्याचा पहिला भाग बांधकामातल्या उपायांचा, दुसरा बांधकामाआधी मातीत घालायच्या औषधाचा आणि तिसरा उभ्या घरावरच्या उपचाराचा आहे. गवंड्याला भरावातले लाकडाचे तुकडे वेचायला सांगणे आणि चौकटीखाली दगडाची पट्टी बसवायला सांगणे एवढे तरी कुणालाही जमते.

उभ्या घरात वाळवी पसरलीच असेल तर परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्याला बोलवावे. कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालील नियमांनुसार या व्यवसायाला परवाना लागतो; तो दाखवा म्हणण्यात संकोच कसला? कोणते औषध, किती प्रमाणात, कुठे घालणार हे लिहून घ्यावे. चांगला माणूस भिंत आणि फरशीच्या सांध्याला साधारण फुटाफुटावर भोके पाडून औषध खाली मातीत सोडतो आणि भोके सिमेंटने बुजवतो. खोलीभर फवारा मारून निघून जाणारा माणूस वाळवीचा बंदोबस्त करत नाही. ज्या औषधाने वाळवी लगेच न मरता ते आपल्याबरोबर वसाहतीत घेऊन जाते, अशी आमिषेही आता मिळतात. ती हळू काम करतात, पण घरात विष फार कमी येते. काम चालू असताना आणि औषध वाळून खोल्या हवेशीर होईपर्यंत गर्भवती स्त्रिया, लहान मुले, दम्याचे रुग्ण आणि वृद्धांनी दुसरीकडे राहावे. धान्य, भांडी, पाण्याचा माठ, अंथरुणे आधी बाहेर काढावीत. स्विचबोर्डावर औषध किंवा रॉकेल मारू नये, ठिणगीने पेट घेऊ शकतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: घरालगतचा आड किंवा बोअर. मातीत घातलेले विष पाण्यापर्यंत पोहोचू शकते. कृष्णा-वारणेच्या काठी जमिनीतले पाणी उथळ असते आणि पुराचे पाणी घराखालून जाते. तिथे विहिरीजवळच्या भिंतीला मातीत औषध घालणे टाळलेच पाहिजे.

बाधा झाल्यास

औषध मारल्यावर कुणाला मळमळ, घाम, लाळ, धाप किंवा अंधूक दिसणे सुरू झाले तर त्याला मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. औषध पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी, दूध, तूप काहीही पाजू नये आणि घशात बोटे घालून उलटी करवू नये. या औषधांतला द्राव उलटी होताना फुप्फुसात गेला तर दुसरेच संकट उभे राहते. बेशुद्ध माणसाला कुशीवर ठेवावे. १०८ला फोन करावा आणि बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे, कारण कोणते विष आहे यावर उपचार ठरतो. अॅट्रोपिनसारखे औषध जवळच्या सरकारी दवाखान्यात सुरू करता येते, पुढे गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात हलवता येते. बरे वाटले म्हणून लगेच घरी जाण्याचा हट्ट करू नये. क्लोरपायरीफॉसचे शरीरात रूपांतर होऊन त्याची तीव्रता वाढते आणि काही रुग्णांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान आणि श्वासाचे स्नायू कमजोर होतात.

जबाबदारी कुणाची?

यावर एक रास्त आक्षेप आहे. परवानाधारक माणसाचा खर्च अनेकांना झेपत नाही, तालुक्याच्या गावाबाहेर तो मिळतही नाही आणि बाटली तर घरातच असते. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच सगळा भार घरमालकावर टाकून चालणार नाही. घरकुल योजनेतल्या घराच्या आराखड्यात जोत्याची उंची, चौकटीखाली दगड आणि भरावातील लाकूड काढणे या गोष्टी सक्तीच्या करता येतील. त्यांचा खर्च नगण्य आहे. कृषी सेवा केंद्रातून औषध मूळ वेष्टनाबाहेर, लेबलशिवाय विकणे बेकायदा आहे, त्याची तपासणी व्हायला हवी. लहान शेतकऱ्याला लागेल एवढ्याच छोट्या बाटल्या मिळाल्या तर उरलेले औषध घरात राहणार नाही. कृषी सहायक शेतात मात्रा सांगतात, तेव्हाच हे औषध घरात मारू नका एवढे एक वाक्य त्यांनी जोडावे. आशा कार्यकर्ती गर्भवतीच्या घरी जाते, तेव्हा लोहाच्या गोळ्यांबरोबर तिने औषधाची बाटली कुठे ठेवली आहे हेही विचारावे. पूरग्रस्त गावांत गाळ काढण्याबरोबर घरे वाळवण्याचे मार्गदर्शनही मिळायला हवे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा मास्क, हातमोजे, औषधांची विक्री या सगळ्याची राज्यभर चर्चा झाली. शेतातल्या त्या विषाविषयी आपण थोडे सावध झालो. तेच विष घराच्या भिंतीवर मारताना मात्र कुणी मास्क लावत नाही, वारा कुठला हे पाहत नाही. शेतात निदान डोक्यावर मोकळे आभाळ असते.

फळी बदलता येते, चौकट नवी बसवता येते. यंदा वळवाचे पंख झाडून टाकताना चौकटीवर एकदा ठोकून पाहावे, आणि माळ्यावरची बाटली त्याच दिवशी घराबाहेर कुलपात ठेवावी.